तोंडबंदीचा ठराव

झरिया बायनमनं टोपीत हात घातला, तळाशी उरलेल्या चिठ्ठ्यांमधली एक उचलली आणि मोठ्यानं वाचली.

"दक्षिणेचे सभासद. ठरावाच्या बाजूनं पहिलं भाषण."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. टॅकेटबाईंच्या हातात टोपी तशीच राहिली.

आठवीच्या त्या वर्गाला बाई आठवडाभर एकच प्रकरण शिकवत होत्या. अमेरिकेच्या इतिहासातलं, अठराशे छत्तीस सालचं. राजधानीतली गुलामगिरी बंद करा अशी मागणी करणारे अर्ज उत्तरेकडून ढिगांनी प्रतिनिधिसभेत येऊन पडत होते, आणि दक्षिणेच्या सभासदांनी त्यावर तोंडबंदीचा ठराव आणला होता : असा अर्ज आला तर तो वाचायचा नाही, छापायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही, नुसता बाजूला ठेवून द्यायचा. पुढच्या शुक्रवारी वर्गातच ती सभा भरायची होती. दोन्ही बाजूंनी भाषणं, मग मतदान. आणि ठरावाची तरफदारी, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या मळेवाल्यांची वकिली, वर्गातल्या मोजक्या काळ्या मुलांपैकी एकीच्या वाट्याला आली होती.

एरवी बाई ही कामं स्वतः वाटत. दक्षिणेची भाषणं त्या न चुकता एखाद्या गोऱ्या, बडबड्या, जाड कातडीच्या पोराला देत. तसं का, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. यंदा मात्र मुलांनी कुरकुर केली, की बाई आवडत्या मुलांना चांगली कामं देतात. म्हणून बाई म्हणाल्या होत्या, ठीक आहे, चिठ्ठ्या टाकू.

"थांब हं," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या नीट मिसळल्या नव्हत्या. परत काढू या."

"सगळ्यांनी?"

"नाही. तू एकटीनं काढलीस तरी चालेल."

झरियानं चिठ्ठीची बारीक घडी घातली. उंच, सडपातळ मुलगी. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची तिला सवय होती.

"हीच चिठ्ठी ग्रेडीला आली असती, तर त्याला परत काढायला लावली असती, बाई?"

ग्रेडी पुलियमला जॉन क्विन्सी अॅडम्सची चिठ्ठी आली होती. एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष, पण म्हातारपणी साधा सभासद होऊन सभेत येऊन बसलेला आणि त्या ठरावाशी एकट्यानं झुंजलेला. ग्रेडी खांदे उडवून म्हणाला, "मला तर आजोबा आलेत. मी तक्रार केली का?"

वर्ग हसला. त्या हसण्यात तिचा प्रश्न बुडून गेला. घंटा होताच झरिया चिठ्ठी खिशात घालून निघून गेली.

शनिवार-रविवार बाईंना चैन पडलं नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एका शिक्षकानं वर्गात गुलामांच्या बाजाराचं नाटक बसवलं होतं आणि काळ्या मुलांना चौथऱ्यावर उभं केलं होतं. त्याची नोकरी गेली. ती जायलाच हवी होती, असं बाईंनी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आपलं तसं नाही, इथे चौथरा नाही, बाजार नाही, नुसती भाषणं आहेत, अशी त्या स्वतःची समजूत घालत होत्या. पण घरी जाऊन ती पोरगी आईबापांना काय सांगेल? आज शाळेत मला काय काम मिळालं, तर गुलाम बाळगणं कसं बरोबर ते सांगायचं. एवढंच वाक्य पुरे होतं.

त्यांचा नवरा अंगणात गळाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "फोन कर ना सरळ. तू बोललीस म्हणजे तुझी बाजू आधी पोचते."

बाईंनी फोन केला. बायनमांच्या घराचा आणि धंद्याचा नंबर एकच होता, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. पहिल्याच घंटीला पलीकडून एक मऊ, खोल आवाज आला, "बायनम अंत्यविधीगृह. या कठीण वेळी आम्ही आपल्यासोबत आहोत. बोला." बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडचा माणूस घाई न करता थांबला होता. रडणाऱ्या माणसांना तो तेवढा वेळ देत असणार. बाईंनी फोन ठेवून दिला. नंतर तासभर त्या स्वयंपाकघरात एकच ओटा पुसत होत्या, आणि आपला नंबर तिकडे उमटला असेल का, हे नवऱ्याला विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी झरियाला थांबवून घेतलं आणि सभापतीचं काम देऊ केलं. सभापती म्हणजे मानाची जागा, वगैरे सांगितलं.

"सभापती नुसता हातोडा आपटतो, बाई," झरिया म्हणाली. मग तिनं दप्तरातून वर्गाचं पुस्तक काढलं. "मला हे विचारायचं होतं. या दक्षिणेच्या लोकांची आणखी भाषणं आहेत का? यात दिलेली अगदीच बावळट आहेत. खरी माणसं एवढी बावळट नसणार. नाहीतर ती जिंकली कशी?"

शिक्षकाला असा प्रश्न वर्षात एकदा विचारला जातो, आणि एरवी बाईंना त्या दिवशी जेवणही गोड लागलं असतं. त्यांनी कपाटातून जुन्या सभावृत्तांताच्या प्रती काढून दिल्या. झरिया त्या छातीशी धरून गेली. दार बंद झाल्यावर बाईंना वाटलं, आपण हे काय दिलं तिच्या हातात?

मंगळवारी दुपारी मुख्याध्यापक प्रेदर यांनी त्यांना बोलावून घेतलं. प्रेदर पूर्वी शाळेच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते आणि अजूनही कुठलीही अडचण सामन्यासारखी फळ्यावर मांडत.

"वेंडल बायनमचा फोन होता. उद्या शाळा सुटल्यावर येतोय. तुमच्याशी बोलायचंय म्हणाला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे."

बाईंनी मान हलवली.

वेंडल बायनमचा आवाज कधी चढलेला हार्डविक गावात कुणी ऐकला नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं. तीन पिढ्या गावातली काळी माणसं बायनमांच्याच हातून मातीला जात होती. अलीकडे काही गोरी घरंही त्यांच्याकडे जाऊ लागली होती. शिक्षण मंडळातल्या दोघांच्या आयांची शेवटची तयारी त्यानंच केली होती. असा माणूस एक वाक्य बोलला असता, तरी मंडळानं ते उभ्यानं ऐकलं असतं.

प्रेदर यांनी डाव सांगितला. आधी त्याला बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. मग बाईंनी माफी मागायची, अगदी मनापासून. मग ते स्वतः जाहीर करतील, की शुक्रवारचा कार्यक्रम रद्द.

"आणि पोरांनी विचारलं तर?" बाईंनी विचारलं.

"विचारू देत की. वर्गात त्या विषयावर एक शब्द नको. प्रश्न आला तर बाजूला ठेवून द्यायचा."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आपण काय बोललो, ते प्रेदर यांच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

बुधवारी बायनम आला तो थेट दफनभूमीतून. काळा सूट, काळा टाय, बुटांच्या कडेला लाल माती. त्याला बघून ऑफिसमधली कारकून बाई खुर्चीतून अर्धी उठली आणि कुणाचं काय झालं म्हणून विचारणार, एवढ्यात सावरली. प्रेदर यांनी दार लोटून घेतलं. बायनम खुर्चीत बसला, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले आणि दोघांकडे बघितलं.

डावाप्रमाणे त्यानं आधी बोलायचं होतं. पण अशा शांत बसलेल्या माणसासमोर गप्प राहणं प्रेदर यांना जमलं नाही. ते बोलू लागले. शाळेला किती खेद आहे, असं व्हायला नको होतं, चिठ्ठ्यांचा घोळ झाला, बाई अनुभवी आहेत आणि त्यांच्या मनात काही नव्हतं. वाक्यामागून वाक्य येत गेलं. बायनम ऐकत होता. मधूनमधून किंचित मान झुकवत होता. ऐकण्याची ती रीत इतकी सराईत होती, की प्रेदर यांना थांबावं कुठे ते कळेना.

मग बाई बोलल्या. त्यांनी ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. ती चिठ्ठी तिच्या हातात गेली, तेव्हाच मी ती काढून घ्यायला हवी होती. मी विचारलं, ती नको म्हणाली, आणि मी तेवढ्यावर सोडून दिलं. तुमच्या मुलीच्या तोंडी मी हे शब्द घातले. मला माफ करा, बायनमसाहेब."

बायनमच्या कपाळावर आठी चढली होती, पण ती रागाची दिसत नव्हती.

"माफी त्या चिठ्ठीची का?" त्यानं विचारलं. "मी त्यासाठी नाही आलो. शनिवारी कुणीतरी फोन करून न बोलता ठेवून दिला, तो तुमच्याकडचा होता होय?"

बाईंचे कान तापले. त्यांनी हो म्हटलं.

"मला वाटलं, कुणाचं तरी फार जवळचं माणूस गेलंय. दिवसभर काळजी लागून राहिली होती." तो खुर्चीत थोडा पुढे सरकला. "मॅडम, आमच्या घरी कसं आहे सांगतो. खाली धंदा, वर आम्ही राहतो. रात्रीची जेवणं झाली की ही पोरगी ओट्याला टेकून उभी राहते आणि मला म्हणते, सन्माननीय सभासद, उठा. मग ती भाषण करते आणि मी उत्तर द्यायचं. शुक्रवारी मला गंमत वाटली. शनिवारी मी म्हणालो, अगं, हे पाप आहे, साधी गोष्ट आहे. तर म्हणते, सन्माननीय सभासदांनी पाप म्हटलं ते ठीक, पण राज्यघटनेच्या कुठल्या कलमात म्हटलंय? सोमवारी तिनं तुमच्याकडून आणखी कसलेसे कागद आणले. मग तर काही विचारूच नका."

तो थांबला. हातावरचा हात त्यानं बदलला.

"मी हरतोय, मॅडम. रोज हरतोय."

प्रेदर यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.

बायनम सांगत गेला. त्याच्या धंद्यात भांडायची सोय नव्हती. दुःखात बुडालेली माणसं वाटेल ते बोलतात, आणि तो त्यांना होय म्हणतो, बापानंही त्याला तेच शिकवलं होतं. वाद घालायची त्याला सवयच नव्हती. काल रात्री झरियानं असा एक मुद्दा काढला, की तो ताटावरून उठला आणि खाली प्रार्थनेच्या खोलीत रिकाम्या बाकावर जाऊन बसला. वर बायको, टोन्या, पोरीला रागावत होती. पोरगी म्हणत होती, अगं पण आई, मी खोटं बोलतेय हे मला माहीत आहे, मग कुणी मला खोटं पाडत का नाही?

"माझ्या पणजोबांचा बाप याच जिल्ह्यात विकला गेला," बायनम म्हणाला. "आणि मला माझ्याच घरात, माझ्याच पोरीला उत्तर देता येईना. टोन्या सोमवारीच म्हणाली, जाऊन शाळेला जाब विचारा. मी म्हटलं, जाब नंतर, आधी जबाब. त्या अॅडम्स म्हाताऱ्यानं सभेत काहीतरी उत्तर दिलंच असेल ना? ते मला द्या. पोरीला दक्षिणेचे कागद दिलेत, मला उत्तरेचे द्या. एवढंच मागायला आलोय."

बाईंना हसू आलं ते आवरता आलं नाही, आणि हसता हसता डोळे भरून आले. बायनमनं सवयीनं कोटाच्या आतल्या खिशातून पांढरा रुमाल काढून पुढे केला. ते बघून प्रेदरही हसले, आणि मग तोही. प्रेदर यांनी कॉफी मागवली. शुक्रवारचा कार्यक्रम रद्द करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मग बाई आणि बायनम वर्गात जाऊन बसले. बायनम मुलांच्या बाकावर तिरका बसला, कारण त्याचे गुडघे खाली मावत नव्हते. बाईंनी त्याला आठवीला शिकवतात तसंच शिकवलं. अर्ज म्हणजे हुकूम नव्हे, ती विनवणी आहे, आणि विनवणी करायचा हक्क कुणाकडूनही काढून घेता येत नाही, हे अॅडम्स कसं पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मग त्या एका दिवसाची गोष्ट. अॅडम्सनं उभं राहून विचारलं, की माझ्याकडे गुलामांनी पाठवलेला म्हणून एक अर्ज आला आहे, तो या ठरावात बसतो का? सभेत आग लागली. याला हाकलून द्या, याची निंदा करा, असा गलका झाला. बराच वेळ त्यानं त्यांना ओरडू दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, की त्या अर्जात गुलामगिरी राहू द्या, अशी मागणी आहे.

बायनमला हे समजायला क्षणभर लागलं. मग त्याचे खांदे हलू लागले.

"म्हणजे ते ओरडले ते वाचल्याशिवायच."

"वाचल्याशिवायच."

"आणि खरा कुणी लिहिला होता तो?"

"ते कुणालाच ठाऊक नाही. बहुतेक मालकांनीच लिहवून घेतला असावा, असं मानतात."

त्यानं मान हलवली. तो हसायचा थांबला होता. "तिचा कालचा मुद्दा वेगळा आहे," तो म्हणाला. "ती म्हणते, सभेला हे देताच येणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मग जे देता येत नाही, त्याचं मागणं ऐकून घेणं ही क्रूर थट्टा आहे. आशा लावायची आणि द्यायचं काही नाही. त्यापेक्षा न ऐकणं हीच दया."

हा मुद्दा बाईंनी दिलेल्या कागदांत असा नव्हता. तो झरियानं स्वतः रचला होता.

"यावर म्हाताऱ्यानं काय म्हटलं?"

"थेट यावर काही सापडणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हालाच शोधावं लागेल."

तो कागद घेऊन गेला. जाताना त्यानं बाईंशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. त्यात सांत्वन नव्हतं, पण सवयीमुळे ते तसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी बाई गाडीतून उतरल्या, तेव्हा झरिया फाटकाशी उभी होती. इतर मुलं अजून यायची होती. तिच्या डोळ्यांवर झोप होती, पण चेहरा सैल, मोकळा झालेला.

"बाई, काल मी हरले. एकदाची."

"बाबांनी हरवलं?"

"हो. त्यांनी तुमचे कागद उघडलेसुद्धा नाहीत. नुसते शेजारी ठेवले होते." ती बाईंच्या हातातल्या पिशव्यांपैकी एक घेऊन बरोबर चालू लागली. थोडं गेल्यावर म्हणाली, "मी गंमत म्हणून सुरू केलं होतं. पण मग कुणालाच काही बोलता येईना. बाबांना नाही, आईला नाही. मंगळवारी बाबा उठून गेले ना, तेव्हा मला भीती वाटली. वाटलं, उत्तरच नसलं तर?"

बाईंनी चालता चालता तिच्याकडे पाहिलं. काय उत्तर दिलं, असं त्या विचारणार होत्या, पण विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आज काय करणार? काम बदलायचं असेल, तर अजून वेळ आहे."

"छे," झरिया म्हणाली. "आज तर आता मजा येईल."

सभा तिसऱ्या तासाला भरली. झरिया उभी राहिली आणि पहिल्या वाक्यापासून वर्ग तिच्याकडे बघत राहिला. तिनं आवाज चढवला नाही. गुलामगिरी चांगली आहे, असं एकदाही म्हटलं नाही. ती म्हणाली, आम्ही अर्ज फाडा म्हणत नाही. या, ठेवा, आम्ही मानानं ठेवून घेऊ. फक्त या सभेला जे देता येत नाही, त्यावर तिनं बोलू नये. बोललात तर उद्या घराघरांत आग लागेल, आणि त्या आगीत पहिली होरपळतील ती ज्यांच्यासाठी तुम्ही रडता तीच माणसं. गप्प बसणं ही कधीकधी दया असते. घरात आजारी माणूस झोपला असताना दारावर धडाधडा मारणारा हा मित्र म्हणायचा का?

ग्रेडीनं पाठांतर पक्कं केलं होतं. हक्क, राज्यघटना, विनवणी, सगळं त्यानं घडाघडा म्हटलं. पण आजारी माणसाच्या मुद्द्यापाशी तो अडकला. त्यानं कागद उलटसुलट केले, "सभापती महोदय," असं दोनदा म्हणाला, आणि खाली बसला. झरिया त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, असं बाईंना वाटलं.

मतदान झालं. हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

आजवर कुठल्याच वर्षी वर्गानं तो मंजूर केला नव्हता. दर वर्षी मुलं हात वर करून तो पाडत, टाळ्या वाजवत आणि आपण त्या काळी असतो तर किती बरोबर वागलो असतो, या समाधानात जेवायला जात. आज कुणी टाळी वाजवली नाही. ज्यांनी बाजूनं हात वर केले होते, ते ते हात आता बाकाखाली धरून बसले होते.

"बाई," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "हे असं कसं झालं? मला तर ते पटतसुद्धा नव्हतं."

"तेव्हाही असंच झालं होतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग तो ठराव आठ वर्षांहून जास्त टिकला."

"आणि तोपर्यंत त्या म्हाताऱ्यानं काय केलं?"

"तो अर्ज आणत राहिला. त्यांनी ठेवून द्यायचे, त्यानं परत आणायचे."

घंटा झाली. मुलं एरवीपेक्षा हळू उठली. बाई फळा पुसायला वळल्या. फळ्यावर ठरावाचा मसुदा होता, मतांच्या रेघा होत्या, आणि खाली कोपऱ्यात त्यांनी सकाळीच पुढचं प्रकरण लिहून ठेवलं होतं : सोमवार, टेक्सास.

मागे अजून कुणीतरी होतं. ग्रेडी दप्तर भरत होता आणि ते त्याला नीट भरता येत नव्हतं. झरिया त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

"सोमवारी परत आण," ती म्हणाली.

"काय?"

"अर्ज. परत आण. मी पुन्हा म्हणेन, जे देता येत नाही ते ऐकायचं कशाला. मग तू हे सांग. आमच्याकडे एक बाई आली होती, तिचं लहान बाळ गेलं होतं. ती बाबांना म्हणाली, याला परत आणा. तेवढंच म्हणत राहिली. बाबांना ते देता येणार होतं का? त्यांनी तिला खुर्ची दिली आणि पूर्ण ऐकून घेतलं. चार तास. बाबा म्हणाले, देता येत नाही म्हणून मी कुणाला बोलू नका असं आजवर म्हटलेलं नाही. तसं तोच म्हणतो, ज्याला देता येत असतं."

ग्रेडीनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी हरलो ना."

"मी दक्षिणेची होते ना," झरिया म्हणाली. "आणि सोमवारीही असणार आहे. नीट पाठ कर, नाहीतर पुन्हा लोळवीन."

"बघू की," ग्रेडी म्हणाला.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. दोघांची पावलं दाराबाहेर जाईपर्यंत त्या पुसलेलाच भाग पुन्हा पुसत राहिल्या. मग त्यांनी हात कोपऱ्यात नेला आणि टेक्सास पुसून टाकलं.